कुंडातला नारिंगी थर

आमच्या गावच्या गरम पाण्याच्या कुंडात, उगमापाशी, दगडांवर नारिंगी थर असतो. यात्रेआधी फक्त पायऱ्या घासायच्या, उगमाला हात लावायचा नाही, ही इथली रीत. यंदा ग्रामपंचायतीने उगमातच ब्लीचिंग पावडर टाकायचे ठरवले. काल बाळू शिपाई पोते घेऊन आला, तेव्हा माझी पुतणी सुमेधा त्या थराचा तुकडा कुपीत घेत होती. ती सूक्ष्मजीवांची संशोधक आहे.

“प्रयोगशाळेत वाढव हे,” मी म्हणालो.

“नाही वाढत, काका. यांना हेच पाणी, हेच शेजारी लागतात. कुपीतल्यांचा जनुकक्रम वाचून कोण होते एवढंच कळेल.”

कायदा हद्दपारीला मृत्युदंडाहून सौम्य शिक्षा मानतो. उगमाबाहेर न जगणाऱ्या या जिवांसाठी दोहोंत अंतरच नाही. आणि नोटीसही नाही, सुनावणीही नाही. माझ्या लेखी हरकतीला पंचायतीने उत्तर दिले होते, ‘शेवाळ काढणे आवश्यक.’ ज्यांना अजून कोणी नावसुद्धा दिलेले नाही, त्यांना शेवाळ ठरवून मोकळे होणे किती सोपे!

बाळू पोत्याची शिवण उसवू लागला, तसा मी जाऊन पोत्यावरच बसलो.

“उठा तात्या, सरपंचांनी सांगितलंय.”

“लेखी हुकूम आण.”

“आणला तरी तुम्ही त्यावर पत्रच लिहिणार!”

“लिहीन. आणि त्याचे उत्तर येईपर्यंत इथून उठणार नाही.”

तो पुटपुटत पंचायतीकडे निघाला. सुमेधाने कुपी खाली ठेवली आणि पोत्याच्या दुसऱ्या टोकावर येऊन बसली.