हातानं बोला, आक्का

चंपाबाईंबद्दल मी लिहावं इतकी माझी त्यांची ओळख नव्हती. वडगावात आमच्या गल्लीत त्यांचं घर माझ्या घरासमोर, मधे एक रिक्षा जेमतेम जाईल एवढा रस्ता. तरी त्यांचं माहेर गुंजीचं हे मला त्या गेल्यावर कळलं. त्यांना भावंडं किती, त्या शाळेत गेल्या होत्या की नाही, मला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे ते एवढंच, की या बाईंनी माझ्या म्हातारपणाची शांतता घालवली.

मी कोर्टात टायपिस्ट होतो. जन्मभर दुसऱ्यांनी सांगितलेलं टाइप केलं. स्वतःचं चार ओळींच्या वर कधी लिहिलं नाही. हेही जमेल की नाही कोण जाणे. पण गल्लीत लोक त्यांच्याविषयी हसून जे सांगतात ते अर्धवट आहे, आणि पुरतं पाहणारा मी एकटाच होतो. म्हणून बसलोय.

चंपाबाईंना ऐकू येत नसे. सगळं आयुष्य यंत्रमागाच्या कारखान्यात गेलेलं. नवरा सुबराव मागावर, साड्या विणायला. चंपाबाई शेडच्या दुसऱ्या टोकाला सुताच्या कांड्या भरायला. त्या खडखडाटात कान हळूहळू गेले. सुबराव वारले, कारखाना बंद पडला, मागांचं भंगार झालं. मुलानं, सिद्धेशनं, कानाचं मशीन आणून दिलं होतं. ते त्यांनी फडताळात ठेवून दिलं. म्हणायच्या, "घाटलं की भांडी पडल्यागत वाजतंय." आणि स्वतःला ऐकू येत नाही म्हणून सगळं ओरडून बोलायच्या. पहाटे नळाला पाणी आलं की समोरून हाक यायची, "ओ टायपिस्ट! पानी आलंय, उठा!" माझं नाव मारुतीराव आहे. ते त्यांनी एकदाही घेतलं नाही.

सिद्धेश उद्यमबागेत एका कंपनीत नोकरीला आहे. एकदा त्याला कंपनीतून नाचाच्या कार्यक्रमाचे दोन पास मिळाले. बेंगळुरूची मंडळी, बड्या लोकांच्या कॅम्पातलं सभागृह. त्या दिवशी त्याची कामाची पाळी होती. पण चंपाबाईंना पास वाया जाऊ द्यायचे नव्हते. सिद्धेश माझ्याकडे आला. "काका, तुम्ही वाचणारे माणूस. आईला घेऊन जा की." मला नाही म्हणता येत नाही. त्या एका खोडीपायी माझ्या किती संध्याकाळी गेल्या असतील.

मला वाटलं होतं घुंगरू असतील, तबला असेल. पडदा वर गेला तर राखी कपड्यांतली पाच अनवाणी माणसं. संगीत नाही. एक मुलगी पडायची, उठायची, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ताडकन सोडवायची, पुन्हा पडायची. मला काही कळलं नाही. कळल्यासारखा चेहरा करून मी बसलो. कॅम्पात असं बसावं लागतं.

तेवढ्यात शेजारून गल्लीतल्या आवाजात आरोळी आली, "धागा तुटला!"

पुढच्या रांगेतले सगळे वळले. मी खुर्चीत जेवढं बुडता येईल तेवढं बुडालो.

"आक्का, हळू," मी म्हणालो. त्यांना ते ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता.

"धागा तुटला म्हणती ती! आता बघा, माग थांबवा म्हणंल." आणि स्टेजवरच्या मुलीनं खरोखरच मूठ वळून खाली ओढली. "बघितलासा?"

परत येताना रिक्षात त्यांनी मला समजावलं. रिक्षावाल्यालाही, आणि वाटेतल्या दुकानदारांनाही. मागाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून कारखान्यात सगळी हातानं बोलायची. धागा तुटला, माग थांबव, कांडी संपली, चहा आला, जेवलीस का. नवराबायकोचं सगळं बोलणं शेडच्या ह्या टोकावरनं त्या टोकाला हातानंच व्हायचं.

"माझं मालक गेल्यापासनं माझ्यासंगं हातानं कुनी बोललंच न्हाय," त्या म्हणाल्या. "आज ती पोरगी बोलली."

"अहो आक्का, तो नाच आहे. ती तुमच्याशी बोलत नव्हती."

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, म्हणजे त्यांना ते कळलं असणार. त्यांनी रिक्षाबाहेर बघितलं.

पुढे काय झालं ते मी सांगायला नकोच. जिथं जिथं काही नवीन, न कळणारं असेल तिथं तिथं चंपाबाईंना जायचं होतं, आणि सिद्धेशची अट एकच, टायपिस्ट काका बरोबर पाहिजेत. एका कॉलेजात परदेशी ऑपेरा पडद्यावर दाखवणार होते. एक धिप्पाड बाई तोंड वासून गात होती. चंपाबाईंनी जाहीर केलं, "हिला लई मागांच्या पल्याड बोलायचं हाय." मग त्या बाईच्या ओठांवरून त्या मराठीत अर्थ लावत राहिल्या, ती पडद्यावर मरेपर्यंत. एकदा विद्यार्थ्यांनी केलेल्या वस्तूंचं प्रदर्शन होतं. पुठ्ठ्याच्या घड्या घालून खुर्च्या केलेल्या, शेजारी पाटी, हात लावू नये. मी दुसरीकडे वळलो तोवर बाई खुर्चीत बसलेल्या.

"आक्का, उठा! ती बसायची नाही!"

"मग खुर्ची कशाला केली? बरी हाय की. पाठीला तेवढी उशी पायजे."

खुर्ची मोडली नाही. ज्यानं केली होती तो मुलगा खूश झाला, त्यानं त्यांचा फोटो काढला. मला मात्र घाम फुटला होता, आणि मला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

दिवाळीनंतर ती बेंगळुरूची मंडळी पुन्हा आली. चंपाबाई नवं लुगडं नेसून. तीच मुलगी, तीच बोटं अडकवून सोडवणं, पण या वेळी पुन्हा पुन्हा, आणि बाकीचे चौघे तिच्याकडे पाठ करून उभे. कुणी तिच्याकडे येईना. मी चंपाबाईंकडे बघितलं, त्या खुर्चीच्या कडेला आलेल्या. मी त्यांचा पदर धरणार इतक्यात त्या उभ्या राहिल्या आणि हात वर करून मूठ वळत ओरडल्या, "अगं, माग बंद कर! आदी माग बंद कर!"

मुलगी थबकली. दिवे लागले. रखवालदार धावत आला, "अज्जी, माताडबेड्री, बोलू नका."

"मी कुठं बोलतोय?" चंपाबाई ओरडल्या. "ती बोलाय लागलीया, तिला कुनी बघंना!"

आम्ही घरी पोचायच्या आधी कुणाच्या तरी फोनवरचा व्हिडिओ सिद्धेशच्या ऑफिसातल्यांकडे पोचला होता. तो दारातच उभा होता. वाईट मुलगा नाही तो. पण लाजला होता. "आई, बास झालं. आता कुठं जायचं नाही." आणि मला, "काका, तुम्ही तरी."

मी तरी काय? मला तर सुटल्यासारखं वाटलं.

पण मग सकाळी हाक येईना. पाणी येऊन जायचं आणि मी झोपलेला. समोर चंपाबाई गॅलरीत हात मांडीवर ठेवून बसलेल्या असायच्या. ती मंडळी परत येणार अशी बातमी पेपरात आली, त्या दिवशी त्या जिना उतरून माझ्या दारात आल्या.

"तुमी सांगा त्याला."

"काय सांगू? ती मुलगी तुमच्याशी बोलत नाही हो!" मी सावकाश, ओठ हलवून म्हणालो.

"नसंल बोलत. घरात बोलत्यात त्ये तरी कुठं मला कळतंय? समदी नुसती तोंडं हलवत्यात." त्यांनी आपले हात माझ्यापुढे धरले. "ह्ये इसरून चाललंय, टायपिस्ट. मला एकलीलाच येतंय आता."

त्या रात्री सिद्धेशपुढे माझ्या तोंडून निघून गेलं, "मी जबाबदार. त्या एक शब्द बोलणार नाहीत." जन्मात मी कुणाची जबाबदारी घेतली नव्हती, आणि घेतली ती नेमकी या बाईच्या तोंडाची. सिद्धेशनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "एकदाच, काका. परत असं झालं तर कायमचं बंद."

मग माझं शिक्षण सुरू झालं. तोंडानं बोलायचं नाही म्हटल्यावर हातानं बोलायचं, आणि हातानं बोलायला दुसरं कुणी हवं. दुपारी त्यांच्या पायरीवर बसून मी शिकलो. टायपिस्टची बोटं, म्हणून त्यांची माझ्याकडून मोठी अपेक्षा. चुकलं की मनगटावर चापट.

"ह्ये काय? कांडी संपली म्हना म्हटलं, तर तुमी चा पाजाय लागलासा."

पलीकडच्या मनुबाई हसून म्हणायच्या, "काय वो मारुतीराव, डास मारताय का वारा घालताय?"

कार्यक्रमाला आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. चंपाबाई एक शब्द बोलल्या नाहीत. पण हात! सबंध दीड तास त्यांचे हात चालू होते, आणि उत्तर दिलं नाही की कोपर बसायचं. आमच्या शेजारचे दोघे स्टेज सोडून आमच्याकडेच बघत होते. शेवटी ती मुलगी अगदी कडेला आली आणि तिनं तीन बोटं जुळवून ओठांपाशी नेली, मग हात उघडून पुढे केला. जेवलीस का. मला ते स्वच्छ दिसलं. त्याचा मला अजून राग आहे. चंपाबाईंनी माझ्याकडे वळून बघितलं, मी हो म्हणून मान हलवली, काय करणार? त्यांनी स्टेजकडे हात करून उत्तर दिलं, जेवलो.

कार्यक्रम संपल्यावर त्या थेट त्या मुलीपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि हातानं विचारलं, तू जेवलीस? मुलीला काही कळलं नाही. तिनं हसून नमस्कार केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चंपाबाईंनी तिच्या गालाला हात लावला आणि रिक्षात बसेपर्यंत तोंड उघडलं नाही. बसल्यावर म्हणाल्या, "नवीन हाय. शिकंल."

सिद्धेशनं जाऊ द्यायचं कबूल केलं. माझी सुटका मात्र झाली नाही. त्या आता गॅलरीतून हातानं बोलायच्या, दिवसभर. मी चहा गाळत असलो तरी खिडकीत यावं लागे. पाणी आलंय हेसुद्धा हातानंच. मी बघितलं नाही तर मग हाक.

माघात एका शनिवारी पहाटे त्या झोपेतच गेल्या. आदल्या दिवशी संध्याकाळी मी गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढत होतो, तर समोर हात हलताना दिसला. रविवारी किती वाजता, असं त्या विचारत होत्या. मी सहा दाखवले. पास? घेतले. चष्मा आणा, मागच्या वेळी विसरला होतात. कळलं, मी हातानं म्हणालो. त्यांनी नाही अशी मान हलवली आणि हात वर करून दाखवलं, असं नव्हे, अंगठा आत. मी वैतागून कपडे कठड्यावर टाकले, अंगठा आत घेतला आणि पुन्हा म्हणालो, कळलं.