शेळ्यांचा वास

त्या टेम्पोचं इंजिन केबिनमध्येच, ड्रायव्हरच्या गुडघ्याशी होतं. एप्रिलमध्ये आत बसलं की मांडी भाजायची. टेम्पो चालवणाऱ्यांना मी मामा म्हणायचो; कोळवणहून पौडला ते दूध आणि माणसं नेत. मी पुण्यात एका वर्कशॉपमध्ये फ्रिज दुरुस्त करायचो. तिथे रॉकेलवर चालणारा एक जुना फ्रिज माझ्या हाती लागला. त्यात खालच्या ज्योतीच्या उष्णतेने नळ्यांतला अमोनिया फिरतो आणि वर गारवा येतो. ज्योतीऐवजी टेम्पोच्या सायलेन्सरची वाया जाणारी उष्णता देऊन केबिन गार केली तर? मामांनी एका शब्दावर गाडी माझ्या हवाली केली.

गारवा आला. थोडासाच, पण मामा भेटेल त्याला केबिनमध्ये हात घालायला लावायचे. "महाबळेश्वर झालं की, साहेब! आता मागं स्ट्रॉबेरी लावतो."

आठवड्याने म्हणाले, "आत कसला तरी उग्र वास येतोया. डोळं चुरचुरत्यात."

मला वास लगेच कळला. माझ्या वेल्डिंगचा जोड गळत होता. खिशात गंधकाची वात होती. ती पेटवून जोडाशी धरली असती तर गळतीच्या जागी पांढरा धूर उठला असता. पण चार दिवसांनी वर्कशॉपचे मालक हे यंत्र बघायला येणार होते. मी म्हणालो, "शेळ्यांचा असेल, मामा."

मामांच्या शेजारची एक धनगरीण बाजाराच्या दिवशी तिच्या शेळ्या त्यांच्याच टेम्पोतून न्यायची. मामांना पटलं. माझ्यादेखत त्यांनी तिला सुनावलं, "वैनी, तुजी जनावरं आता गाडीत न्हाई चढायची. पार मुतारी केली."

"धा वर्सं चढत्यात, भावजी. आजच वास आला व्हय?"

मी बाजूला उभा राहून बुटाची माती झटकत होतो.

दोन दिवसांनी चढावर जोड फुटला. मागे माणसं बसलेली, म्हणून मामांनी आधी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, मगच दार उघडलं. तेवढ्यात अमोनियाने त्यांचा उजवा डोळा गेला. पुढे टेम्पोही विकावा लागला.

ते दवाखान्यातून घरी आल्यावर मी भेटायला गेलो. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं, "त्यो वास शेळ्यांचा नव्हता ना?"

"नाही."

"तवाच ठावं हुतं?"

मी मान डोलावली. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "मला काय बी सांगू नका. वैनीला जाऊन सांगा. लई बोललोय मी तिला."

मी निघालो. रस्त्यावरच ती भेटली. चार शेळ्या घेऊन पायी पौडला चालली होती. मामांचं बोलणं गावभर झालं होतं आणि आता कुणीच तिच्या शेळ्या गाडीत घेत नव्हतं.

"भावजी कसं हायेत, साहेब?"

"बरे आहेत," एवढंच बोललो आणि वाट दिली. शेळ्या मला घासून गेल्या. त्यांचा वास मी पहिल्यांदाच इतक्या जवळून घेतला. तो तसा नव्हताच.