दारातून वाकडी दिसणारी भिंत

मराठवाड्यातून भोसरीला आलो तेव्हा वडील फरशी मिस्त्री होते, पण हाताला काम नव्हतं. सकाळी मजूर अड्ड्यावर उभे राहायचे, दुपारी हत्यारांची पिशवी न उघडताच परत यायचे. अशा दिवशी आई वरणात पाणी वाढवायची.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना त्यांना चाकणच्या एका कंपनीत कॅन्टीनची भिंत मिळाली. ती जमली तर नव्या शेडचं सगळं काम त्यांचं, असं ठेकेदार म्हणाला होता. काळ्या-पांढऱ्या चौकोनी फरश्या, एकाआड एक ओळ अर्ध्या फरशीनं सरकवलेली, फटींत भरलेलं राखाडी ग्राउट. नक्षी कंपनीचीच. वडील भिंतीला नाक लावून, दोरी-लेव्हल धरून लावत गेले. लांबून बघायची त्यांना सवयच नव्हती.

शनिवारी मी डबा घेऊन गेले तर ठेकेदार दारातच ओरडत होता. "मिस्त्री, दारू पिऊन लावली का भिंत? एक ओळ इकडं उतरती, एक तिकडं! सोमवारी साहेब येतायत. फोडा सगळी."

वडिलांनी दारातून पाहिलं आणि त्यांचा चेहराच पडला. "व्हय की. वाकडीच दिसायलीय." त्यांनी छिन्नी उचलली.

"थांबा, अण्णा." अशाच नक्षीचं चित्र मी मानसशास्त्राच्या पुस्तकात पाहिलं होतं. "मालक, एकाच ओळीवर नजर ठेवा आणि भिंतीकडं चालत या."

तो कुरकुरत आला. भिंतीपाशी ओळ सरळ. मागं सरकला, पुन्हा उतरती. "आयला!"

मग मी भिंतीवर सुतळी ताणून धरली. फटीवर दाबली की दारातून ठेकेदाराला तीही वाकडी दिसायची, वीतभर पुढं ओढली की सरळ. "डोळा फसतोय. भिंत सरळच आहे."

"ते खरं गं. पण साहेब काय भिंतीला नाक लावून जेवणार?" ठेकेदार म्हणाला.

छिन्नी अजून वडिलांच्या हातातच होती. मग आठवलं, फसवतो तो फटीतला राखाडी रंग. "ग्राउट खरवडून काळं भरू."

"नाही जमलं तर फरशीसकट सगळा खर्च तुमच्या डोक्यावर," ठेकेदार म्हणाला.

रविवारी वडील भिंतीशी, मी दारात. पहिल्या दोन फटी काळ्या झाल्या.

"बघ गं. सरळ?"

मी डोळे मिटून पुन्हा उघडले. "सरळ, अण्णा."

एकही फरशी फोडावी लागली नाही. सोमवारी साहेबांनी भिंत पसंत केली आणि शेडचं काम वडिलांना मिळालं. त्याच उन्हाळ्यात मी पदवीधर झाले, आमच्या अख्ख्या भावकीत पहिली.