जुन्या खुर्चीचं माप

ओढणी छातीवरून सरकत गळ्याखाली आली आणि माझा आवाज बंद झाला. मी चाकाच्या खुर्चीतून खाली घसरत होते. बूड पुढं गेलं होतं, पाय फरशीवर पसरले होते. मी पडू नये म्हणून जिनं मला खुर्चीच्या पाठीशी बांधलं होतं ती ओढणी तेवढी जागची हलत नव्हती. खोली बायांनी भरली होती. संक्रांतीचं हळदीकुंकू, उखाणे, खिदळणं. मी विधवा. ताट माझ्यापर्यंत यायचं कारण नव्हतं, म्हणून सुनेनं मला कपाटाशेजारच्या कोपऱ्यात लावून ठेवलं होतं, गादीची वळकटी ठेवतात तसं. माझ्याकडं कुणी पाहत नव्हतं. अशा वेळी विधवेकडं पाहू नये, एवढं शिक्षण पुंडलिकनगरच्या शिकलेल्या बायांना पक्कं असतं.

शेवटी एकीचा पाय माझ्या पायावर पडला. मला तो कळला नाही, तिला कळला.

"अगं बाई, म्हातारीला काय झालं बघा!"

"चक्कर आली वाटतं. पाणी आणा."

पाणी आणलं. जिथून श्वास जाईना तिथून पाणी घालायला निघाल्या. एकीनं मला सरळ करायचं म्हणून पाय धरून ओढले. ओढणी आणखी रुतली. सून मागं गाठ शोधत होती.

"कापा ना ती!"

"नवी हाय ओ. गाठ सोडा, गाठ."

ओढणी नवी होती, हे खरं. तरी सुनेनं शेवटी तेवढं एक शहाणपण केलं. माझ्या शिलाई मशीनच्या खणातली कात्री आणली आणि कापली. मी फरशीवर पडले. बाया वाण घेऊन पटापट गेल्या. वाण घ्यायला मात्र एकही विसरली नाही.

मणक्याच्या दुखण्यानं माझं कमरेखालचं अंग गेलं, तेव्हा ही खुर्ची उस्मानपुऱ्यातल्या एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला मिळाली होती. मंडपात सगळ्यांना एकसारख्या खुर्च्या. माझ्या शेजारी एक दांडगा पैलवान गडी होता, पाय गेलेला. त्याला जी खुर्ची, तीच मला. फोटो निघाला, पुढाऱ्याचं लक्ष फोटोवाल्याकडं. खुर्चीच्या पाठीवर त्याचं नाव मोठ्या अक्षरात. सीटवर दुकानातून आलेलं प्लास्टिक तसंच होतं, आणि मुलानं ते काढू दिलं नाही. आमच्याकडं सोफ्याचं काढत नाहीत, स्कूटरच्या सीटचं काढत नाहीत. वस्तू नवी राहिली पाहिजे, माणूस वरून घसरला तरी चालेल. मी रोज घसरायचे. खुर्ची एवढी रुंद की हात चाकापर्यंत पोचायचा नाही. जिथं ठेवतील तिथं मी. म्हणून मग ओढणी.

हळदीकुंकवानंतर मुलाला लाज वाटली असावी. नवी खुर्ची आणतो म्हणाला. जुनी टेम्पोत घालून दुकानात नेली आणि संध्याकाळी नवी आणली. चाकांवर स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. मला उचलून बसवलं. दोन्ही बाजूंना एकेक शेर जोंधळे मावतील एवढी जागा. खाली नवंकोरं प्लास्टिक.

"कुणाच्या मापाची आणली रे?"

"मापाचीच हाय आई. जुनी दिली की दुकानदाराला. त्यानं टेप लावून मोजली."

"जुनीनंच पाडलं ना मला?"

"आता बाईमाणसाला टेप कोण लावणार? दुकानात सगळे गडी."

हा चिकलठाण्याच्या कंपनीत केसाएवढा फरक दिसला तर अख्खा माल परत पाठवतो. पण जुन्यावरून माप घ्यायला शिकला कुठं, हे मला ठाऊक होतं. माझ्याच मशीनखाली वाढला. तीस वर्षं मी ब्लाउज शिवले आणि एकही बाई अंगाचं माप द्यायला उभी राहिली नाही. पिशवीतून जुना ब्लाउज काढायच्या, मशीनवर टाकायच्या. मी विचारायचे, हा होतो का तुम्हाला? "नाय ओ, लग्नातला हाय. काखेत लई आवळतो. पण मापाचा हाच." आणि नवा आवळला की शिव्या मला. बायांना आपलं अंग मोजलेलं नको असतं. त्यांच्या लेकरांना आईचं नको असतं.

मी सांगितलं, या खुर्चीत बसणार नाही. पलंगावरच पडेन, तिथंच पाठ सडू दे. मुलगा रुसला. सुनेनं मात्र दवाखान्यातल्या व्यायाम घेणाऱ्या पोरीला घरी आणलं. चांगली शिकलेली, बोलायला तुटक. तिनं मला बसवून मोजलं. नितंब आडवे, मांडी गुडघ्याच्या मागपर्यंत, गुडघ्यापासून टाच, कोपरापासून बूड. मुलगा गॅलरीत जाऊन उभा राहिला, जणू मी उघडी होते.

पोरीनं बाजूच्या फटीत अख्खा हात घातला. "आजी, हिच्यात तुम्ही आणि सूनबाई दोघी बसाल."

"ती बसली तर खुर्ची मोडंल."

सून हसली. पहिल्यांदाच हसली असेल माझ्या बोलण्यावर.

"हे प्लास्टिक कुणी ठेवलं?" पोरीनं विचारलं. गॅलरीतून आवाज आला, "खराब होतं ना मॅडम." तिनं ते टराटरा फाडलं.

दुकानदारानं कुरकुरत खुर्ची बदलून दिली. अरुंद सीट, वर जाड उशी, पाय टेकतील एवढ्या उंचीवर पाट्या, आणि पट्टा छातीवर नाही, मांड्यांच्या मुळाशी. हात चाकावर आपोआप पडले. स्वयंपाकघरापर्यंत मी स्वतः गेले, डबा उघडला आणि गूळ खाल्ला. कुणाला विचारलं नाही.

पुढच्या संक्रांतीला सून म्हणाली, "आत्याबाई, आत बसता का, बाया येतील." मी चाकं फिरवली आणि बाहेरच्या दारात जाऊन बसले. दार अरुंद आहे. ज्यांना विधवा दिसू नये असं वाटत होतं, त्यांना माझ्या गुडघ्यांना खेटून आत जावं लागलं. कोपऱ्यात त्या वर्षी गादीची वळकटी होती.

आदल्या वर्षी आवळला तो गळा माझा होता. बाकीच्यांनी ते फक्त पाहिलं. त्यातून गेले ती मी, आणि मी जिवंत आहे.