कुंपणानंतरची सभा

मंगळवार, ११ मार्च २०२५, सकाळचे अकरा. आटपाडीजवळच्या माळावरील नियोजित निसर्ग उद्यानाबाबत लोकांची मते ऐकण्यासाठी सरकारी सभा भरली होती; मीही तिथे होतो. माळावरच्या तळ्याभोवती तारेचे कुंपण मात्र आधीच उभे होते.

काठी दाराबाहेर ठेवून आलेला एक वृद्ध मेंढपाळ उठला. "सायेब, कुणाच्या रानात मेंढरं बसवायची तर आमी आदी मालकाला इचारतो, मग मेंढरांभोवती जाळीची वाघर लावतो. तुमी वाघर लावून इचारताय व्हय?"

सभा घेणारे साहेब हसले. "बाबा, सूचना नोंदवली."

त्या हसण्याचा माझा संताप अजून उतरलेला नाही. तळे कुंपणात गेल्यावर मेंढरांना पाणी कुठे पाजायचे, हे कोणीच सांगितले नाही.

सभा संपल्यावर मेंढपाळाने दाराबाहेरची काठी उचलली आणि बाहेर थांबलेला कळप हमरस्त्यापलीकडच्या विहिरीकडे वळवला. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो आणि ट्रक थांबवले.