मावसाजींच्या नावाचा दुसरा माणूस

आमच्या मावसाजींइतकं स्वतःचं नाव जपणारा माणूस अख्ख्या जबलपुरात नाही, आणि इतकं ओरडून जपणारा तर अख्ख्या मध्य प्रदेशात नाही! तसे ते सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले साधे गृहस्थ. पण एक दिवस मोबाईलच्या दुकानात कळलं, की त्यांच्या आधार कार्डाच्या झेरॉक्सवर कोणीतरी परस्पर दोन सिम घेतले आहेत. झालं! मावसाजी चपलांसकट थेट देवघरापर्यंत पोहोचले. "अगं, जबलपुरात दुसरा मी फिरून राहिला!" मावशी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "अच्छा? मग त्याला तरी भाजी आणायला सांगा."

ते सिम बंद झाले, सायबर पोलिसांत तक्रार झाली, बँकेचे पासवर्ड बदलले. पण मावसाजींचा जीव पैशात अडकलेलाच नव्हता. नागपूरकडून इकडे आलेल्या कितीतरी घरांना पहिली भाड्याची खोली मावसाजींच्या शब्दावर मिळालेली. "माझ्या नावावर आपला एखादा माणूस फसला, तर मी तोंड कुठं दाखवू?" एवढाच त्यांचा घोर.

मग सुरू झाला बंदोबस्त. कुठंही झेरॉक्स द्यायची तर तिच्यावर दोन तिरक्या रेघा ओढून, कशासाठी दिली ते आणि तारीख लिहिल्याशिवाय हातातून सुटत नसे. आधारवरचा अंगठा त्यांनी मोबाईलवरून लॉक करून टाकला, आणि त्या आनंदात घराची किल्ली दाराला तशीच लटकत ठेवून फिरायला निघून गेले. बड्या फुहाऱ्याच्या बाजारात कापडाच्या दुकानदारानं बिलासाठी मोबाईल नंबर विचारला, तर "काहून पाहिजे?" इथपासून जे व्याख्यान सुरू झालं, की तो बिचारा हात जोडून म्हणाला, "बाबूजी, रूमाल ही तो लिया है!" नातवानं त्यांच्या वाढदिवसाचा फोटो मोबाईलवरून सगळीकडे टाकला तेव्हा तर घर डोक्यावर घेतलं. जन्मतारीख म्हणजे चोराच्या हातात किल्ली! तेव्हापासून त्यांचा वाढदिवस भलत्याच महिन्यात होतो, आणि आम्ही सगळे गंभीर चेहऱ्यानं केक खातो. सत्यनारायणाला पंडितजींनी नाव-गोत्र विचारलं, तर म्हणे, "किसलिए चाहिए?" पंडितजी म्हणाले, "भगवान के लिए." "तो भगवान को मालूम है, उन्हीं से पूछ लीजिए!"

आम्ही हसायचो. पण एका सकाळी खरोखरच तिसरा नंबर निघाला की हो! मावसाजींचा फोटो लावून त्यावरून ओळखीच्या सगळ्यांना निरोप गेला होता: 'दवाखान्यात आहे, कोणाला सांगू नका, लगेच पैसे पाठवा.' शेजाऱ्यानं तो दाखवला आणि मावसाजी पांढरेफटक पडले. दुसऱ्या क्षणी फोन कानाला! "मी बोलून राहिलो, असली वाला! पैसे पाठवू नका!" एकानं विचारलं, "कशावरून असली?" मावसाजी आनंदानं ओरडले, "शाब्बास! हेच विचारायचं असते!" बाकी मात्र कोणी फोनच उचलेना. मावसाजी एकामागून एक नंबर फिरवत सुटले. फसले बिचारे, सगळे फसले!

तेवढ्यात फाटक वाजलं. बाहेर स्कूटर, रिक्षा, माणसंच माणसं! कोणी डबा आणलेला, कोणी शहाळी, एक काकू तर आल्या त्याच रडत. 'कोणाला सांगू नका' म्हटल्यामुळे सगळ्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. पैसे एकानंही पाठवले नव्हते. काकू डोळे पुसत म्हणाल्या, "आजारी माणसाला पैसे पाठवून होते का जी? जाऊन पाहावं लागते." चोराला बिचाऱ्याला आमच्या लोकांची ही खोड कोणी सांगितलीच नव्हती! मावसाजी पलंगावर उभे राहून सगळ्यांना झाडत होते, "असा निरोप आला तर आधी मला फोन करा, खात्री करा, तक्रार करा!" आणि सगळे मान डोलावत त्यांच्याच घरचा चहा पीत होते.

दुपारी, सगळे पांगल्यावर, शहपुऱ्याहून बस पकडून त्यांचा कारखान्यातला जुना दोस्त आला. काखेत वळकटी. दवाखान्यात रात्रभर बसायच्या तयारीनंच आला होता.

"अबे, मी नाही बोलावलं तुले," मावसाजी म्हणाले. "तो चोर होता."

दोस्त दारातच थांबला. "मग जाऊ का वापस?"

दिवसभर ओरडणाऱ्या मावसाजींनी पुढं होऊन दोस्ताच्या काखेतली वळकटी घेतली आणि त्याला आत ओढलं. डोळे भरून आले होते, आणि ते लपवायचं त्यांना सुचलंही नाही. दोस्त तीन-चार दिवस राहिला. दोघं ओसरीवर बसून कारखान्यातल्या साहेबांच्या नकला करत, आणि आतून मावशी हसत असे.

तो दोस्त गेल्या वर्षी वारला. मावसाजींच्या नावाला आता काही धोका नाही, सगळं नीट बंद आहे. पण मधूनच ते वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणतात, "तेव्हा त्याला आणखी आठ दिवस ठेवून घ्यायला पाहिजे होतं बे."