भाऊनं न सांगितलेला रस्सा

रविवार, १९ जानेवारी. आसेगाव, भाऊचं घर. हजर : भाऊ, वहिनी, आमचे वडील म्हणजे आबा, आणि मी. ही आमची शेवटची भेट. पुढच्या गुरुवारी शेतातून येताना भाऊच्या छातीत कळ आली आणि तो गेला. सहा आठवडे झाले. सगळे म्हणतात, रडून मोकळी हो. मला रडू येत नाही, चिडायला होतं.

वहिनींच्या गळ्यात माळ. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, पण त्यांच्या स्वयंपाकघरात कधी कोंबडी शिजली नाही. मागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, वेगळी चूल, वेगळी भांडी, आणि रांधणारा भाऊ. कुणी तापातून उठलं, कुणी परीक्षेत नापास झालं, कुणाचं घरात भांडण झालं, की भाऊचं औषध एकच : गावरान कोंबडीचा पातळ रस्सा. आठवडाभर वरण-भात चिवडणारे आबा रविवारी त्यात ज्वारीची भाकर चुरून दोनदा मागून घ्यायचे.

कृती विचारली की भाऊ म्हणायचा, "अंदाजानं होते." मला अंदाज चालत नाही. म्हणून त्या रविवारी मी वही आणि वजनकाटा घेऊनच गेले.

"काय वं, मले तोलाले आली का कोंबडीले?"

"तुया अंदाज मले कागदावर पाह्यजे, भाऊ."

"लिह्य मंग, मास्तरीनबाई! मीठ सांडलं तं तेही लिह्य."

मी सगळं लिहिलं. निखाऱ्यात भाजलेले चार कांदे, सुकं खोबरं, खसखस, दोन चमचे जवस, तिखट, कोणत्या मिनिटाला पाणी... काही सोडलं नाही.

आता आबा जेवत नाहीत. दोन घास घेतात आणि ताट सरकवतात. डॉक्टर म्हणाले, आवडेल ते द्या. म्हणून मी दर रविवारी मंगरूळपीरहून येते आणि वहीबरहुकूम रस्सा करते. चारदा केला. चारही वेळा आबांनी बोट बुडवून चाखलं आणि हात धुतले. तिसऱ्यांदा माझा तोल गेला.

"आबा, भाऊनं केलं तसंच केलं म्या. आणखी काय पाह्यजे?"

"त्याले तरी कुठं येत होतं?" आबा म्हणाले. "सून दारातून सांगे, अन् तो हलवे."

तेव्हा मला दिसलं. वहिनी मागच्या दारात उंबऱ्याच्या आत उभ्या असायच्या. "खोबरं करपून राह्यलं," म्हणायच्या. "मसाला कच्चा हाय अजून." भाऊ "हो ना माय, नाक हाय का काय हाय!" म्हणत जाळ ओढायचा. मला वाटायचं, वास सहन होत नाही म्हणून कुरकुरतात. ज्या बाईनं एक थेंब चाखला नाही, तिच्या बोलण्याची कृतीत काय नोंद करायची? मी मान खाली घालून मिनिटं लिहीत बसले.

आणि भाऊ! दिवसभर शेजारी बसवून ठेवलंस, तेव्हा एकदा तरी सांगायचं होतंस, की वही मिटव आणि तिच्याजवळ जाऊन उभी राह्य. कदाचित तुलाही ते वेगळं काही वाटत नसेल...

भाऊ गेल्यापासून मागचं दार बंद आहे. वहिनी तिकडे फिरकत नाहीत. मी बाहेरून वळसा घालून मागच्या चुलीवर रस्सा करते, तेव्हा त्या समोरच्या ओट्यावर जाऊन बसतात. गेल्या रविवारी, चौथ्या वेळी, हिय्या करून मी त्यांच्यापाशी गेले.

"वहिनी, जरा मागं येता का?"

"कायले, ताई?"

त्यांनी वर पाहिलं आणि माझ्या तोंडून निघालं, "सांबार सापडून नाही राह्यला." सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. ती माझ्या हातातच होती. त्यांनी ती पाहिली आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड केलं.

आबांचा सदरा आता खांद्यावरून घसरतो. या रविवारसाठीही कोंबडी सांगून ठेवली आहे, ज्वारी दळून आणली आहे, लाकडं फोडून घेतली आहेत. वहिनींना विचारायचं तेवढं राहिलं आहे.